नदीच्या वळणापर्यंत
दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वारज्याजवळ मुठेच्या पुरात एक तरुण वाहून गेला. दुसऱ्या दिवशी बातमीसाठी मी काठावर होतो. चिखलाचा आणि बचाव बोटीच्या डिझेलचा वास येत होता. लग्नांचं चित्रीकरण करणाऱ्या एकानं शोधासाठी आपला ड्रोन उडवला. पाठीशी वारा असल्यानं तो प्रवाहाबरोबर झपाट्यानं लांब गेला. रिमोटच्या पडद्यावर नदीचं वळण दिसू लागलं. “जरा पुढं घ्या की. पोरगं तिकडंच हाय,” तरुणाचे वडील म्हणाले. “काका, जाताना वाऱ्यानं ढकललं, येताना तोच समोरून आहे. बॅटरी पुरणार नाही. हा पडला तर उद्या शोधायचं कशानं?” असं म्हणत त्यानं ड्रोन माघारी वळवला. ड्रोन काठावर उतरला तेव्हा बॅटरी संपत आली होती. दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे ड्रोन उडवताच आला नाही. मृतदेह त्याच्या पुढच्या दिवशी बोटीवरच्या जवानांना सापडला, वळणाच्या पलीकडे, बाभळीत अडकलेला.