सुपातले खडे

आधी नाव सांगते, मग काय झालं ते. शालिनीताई. संगमनेरच्या पेठेत चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या आमच्या शालिनीताई. मला आज जे दिसतं ते त्यांच्यामुळे दिसतं, एवढं लिहिल्याशिवाय पुढचं लिहायला हात धजत नाही... त्या गेल्या. कावीळ झाली आणि बघता बघता गेल्या. त्या सकाळी मी दुकानाची पहिली फळी काढून भिंतीला टेकवली होती. त्यांचे यजमान, ज्यांना सारी पेठ मास्तर म्हणते, रस्त्यातच थांबून म्हणाले, "सुमन, आज फळ्या काढू नकोस." मी ती फळी परत बसवायला गेले, तर बसेचना. रोजची फळी, रोजची खाच, आणि हात परक्याचे झालेले.

मी भंडाऱ्याकडची. आमच्या ह्यांना इथल्या साखर कारखान्यात काम लागलं म्हणून इतक्या लांब आले. इथं कोणी ओळखीचं नाही, बोली वेगळी, सारखा जीव धास्तावलेला. त्यात आळीत बोभाटा झाला, 'ती विदर्भातली बाई लई घमेंडी हाय, समोरून गेलं तरी हसत न्हाई.' मला माणसांचे चेहरेच दिसत नव्हते, हसणार कुणाला? पण ते मलाही ठाऊक नव्हतं. बाजारात एकदा टोमॅटो नाकाशी धरून निवडत होते, तर शेजारून आवाज आला, "बाई गं, वास घेतेस की बघतेस?" त्याच ताई. हात धरून दुकानात घेऊन गेल्या.

"शाळा किती झाली?"

"चवथी. डोकं नाही चालत माझं."

"फळ्यावरचं दिसायचं?"

"कोणाले दिसते? मले वाटे, सारे ऐकूनच लिहितात."

ताईंनी मला खुर्चीत बसवलं. नंबर काढायची ती जड फ्रेम माझ्या नाकावर ठेवली, एकेक भिंग घालत, काढत राहिल्या, आणि तशीच मला दुकानाच्या दारात नेऊन उभी केली. रस्त्यापलीकडे आमचे हे मला शोधत आले होते. मला त्या अवतारात बघून ते हसत होते. इतक्या लांबून माणूस हसताना दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी रडायला लागले. ताई म्हणाल्या, "आता रडू नकोस, भिंगं ओली होतील."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे कामाला लागले. पुण्याला रीतसर शिकून आल्या होत्या त्या, तरी गावाला बाईकडून नंबर काढून घ्यायची सवय नव्हती. धोतरवाले म्हातारे विचारायचे, "डाक्टर कुठं हायेत?" ताई म्हणायच्या, "बसा, येतीलच," आणि बोलण्यात गुंतवून नंबर काढून मोकळ्या. बायकांची अडचण निराळी. अक्षरओळख नाही, तर भिंतीवरचा तक्ता वाचणार काय? म्हणून ताईंनी तपासणीच्या खोलीत सूप ठेवलं. त्यात मूठभर धान्य आणि त्यात मिसळलेले चार खडे. "निवड बरं." दुष्काळाच्या साली तर रेशनच्या लाल मिलोत, त्या अमेरिकन ज्वारीत, खडे मुद्दाम मिसळावे लागत नव्हते.

कोल्हारची एक सासू सुनेला ओढतच घेऊन आली. "हिच्या भाकरीत खडं येत्यात. मुद्दाम करती." पोरगी मान खाली घालून सुपात नुसती बोटं फिरवत होती. ताईंनी भिंग घातलं आणि तिची बोटं भराभर चालू लागली. सासूचं तोंड उतरलं, पण हेका सुटेना. "नव्या सुनंला चष्मा? लोक काय म्हनतील, आंधळी पोर गळ्यात बांधून घेतली?"

"मग मामी, खडे चावत बसा. दातवाला पुढच्याच गल्लीत आहे."

पुढच्या बाजारी तीच मामी शेजारणींची टोळी घेऊन हजर! दुकान जे चाललं, ते असं.

एका दुपारी ताई मला म्हणाल्या, "तू नुसत्या फ्रेमा पुसायच्या नाहीस. मॅट्रिक हो, मग तुला पुण्याला धाडते. तूही नंबर काढशील." मी घाबरून हसले. पण मास्तरांनी शिकवलं, ताईंनी धाक घातला, आणि मी बाहेरून सातवी झाले. मॅट्रिकचा अभ्यास अर्ध्यावर आला, तेव्हा ताईंनी अंथरूण धरलं.

दवाखान्यात भेटायला गेले, तर पहिला प्रश्न, "बीजगणित झालं का?" मग म्हणाल्या, "इकडे ये. माझे डोळे किती पिवळे झालेत, बघून सांग."

"थोडेसेच, ताई."

"नंबर काढणाऱ्या बाईनं खोटं सांगायचं नसतं, सुमन."

मी खाटेवर वाकले. नीट बघितलं. म्हटलं, "खूप पिवळे आहेत, ताई." त्यांनी माझा हात थोपटला. "शाब्बास..." आमचं शेवटचं बोलणं ते.

आता बाजाराच्या दिवशी नगरहून एक जण येऊन डोळे तपासतो. माणूस चांगला आहे, पण त्याला सुपाचं काय करायचं कळेना. त्यानं ते माळ्यावर टाकलं. मी काढून, पुसून परत खिळ्याला लावलं. परवा एक म्हातारी आली, सूप बघून हसली आणि म्हणाली, "ताई कुठं हायेत?" माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बसा, येतीलच..."

म्हातारी बसली. मी आत जाऊन सूप हातात घेऊन उभी राहिले. ताई, बीजगणित अजून माझ्या हाताला लागत नाही, पण सोडणार नाही. एक दिवस तुमच्या स्टुलावर मी बसेन, हे सूप समोरच्या बाईच्या मांडीवर ठेवीन, आणि तिला जे असेल ते खरं सांगेन. तुमचे उपकार मी तेव्हा फेडीन.