मधूच्या नावची तार

तार माझ्या नावानं यायला हवी होती. वामन आणि मी अमरावतीच्या एकाच शाळेत इंग्रजी शिकवलं, एकाच खोलीत डबे खाल्ले. पण तो गेल्याची तार अकोल्याहून आली ती माझ्या मुलाच्या, मधूच्या नावानं. मधूनं ती वाचली आणि मला न विचारताच चपला पायात घातल्या... माणूस गेला याचं वाईट वाटायच्या आधी मला त्या नावाचाच राग आला. महिना होत आला, अजून गेलेला नाही.

वामन शिकवायचा तरी कसा! मस्ट हॅव, माइट हॅव, कान्ट हॅव, ही अनुमानाची वाक्यं मी फळ्यावर लिहून द्यायचो आणि पोरं घोकायची. वामन पोरांना खिडकीशी उभं करून रस्त्यानं जाणारा एखादा माणूस दाखवायचा. धोतराला काळी माती दिसली की पोरं ओरडत, "ही मस्ट हॅव कम फ्रॉम भातकुली!" हा विचारी, "कावून? चांदूर बाजारात काय पांढरी माती हाय?" "मंग माइट, सर, माइट!" खात्री असेल तरच मस्ट, हे पोरांना असं कायमचं कळायचं. नागपूरहून इन्स्पेक्टर साहेब आले, तर पठ्ठ्यानं वर्ग साहेबांवरच सोडला. बाहीवर कोळशाची काजळी, म्हणजे गाडीत खिडकीशी बसले असणार. घसा कोरडा, लक्ष सारखं दाराकडं... एक कार्टं उठून म्हणालं, "ही कान्ट हॅव हॅड हिज टी!" साहेब पोट धरून हसले आणि त्यांनी चहा त्याच वर्गात मागवला. माझ्या वर्गात ते आलेच नाहीत. मी नवा कोट घालून उभा होतो.

जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला सांगू? तरी साहेबांचं एक वेळ सोडा. पुढं वामन अकोल्याच्या शाळेत गेला, जठारपेठेत खोली घेऊन राहिला, आणि माझा मधू हटून बसला, "मले मॅट्रिक वामन सरायपाशीच करू द्या." बाप इंग्रजीचा मास्तर, आणि पोरगा इंग्रजी शिकायला अकोल्याला! बायको म्हणाली, "जाऊ द्या न हो. त्यायले तरी कोन हाय?" वामनला बायको नव्हती, मूल नव्हतं. होतं ते माझंच एकुलतं एक. मधू सुटीला घरी यायचा तो बोलण्याआधी वामनसारखा खाकरत, ताटात मीठही त्याच्यासारखं उजवीकडं घेत. मला बघवायचं नाही.

अकोल्यात अग्नी मधूनंच दिला. न्हावी घुटमळला, "बापू, तुये वडील हयात हायत न?" मधू त्याच्यापुढं बसला. बाप जिवंत असताना पोरानं डोकं भादरून घेतलं... आणि तो बाप तिथंच, घाटावर उभा.

दुसऱ्या दिवशी वामनच्या खोलीत आम्ही दोघं बसलो होतो. मधू शिकून परतल्यावर वामननं लावलेली, रोज पूजेची फुलं देणारी म्हातारी दारात आली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं रिकामी खाट पाहिली, मधूचं डोकं पाहिलं आणि टोपली खाली ठेवली.

"मास्तर गेले वाट्टे... बाप असन तुया."

"हो, माय," मधू म्हणाला.

"आन् हे कोन?"

मधूनं माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "हे... सरायचे दोस्त."