शोभाताईंची दुसरी डिस्क

फोन आला तेव्हा मी देवळीच्या एका लग्नातली वरात कापत बसले होते. कापत म्हणजे कॉम्प्युटरवर. दीड तासाची वरात चार मिनिटांत बसवायची असते आणि त्यात नवरदेवाचा एकही मामा सुटून चालत नाही. सकाळचे दहा वाजले असतील. शोभाताईंच्या धाकट्या भावाचा नंबर दिसला, म्हणून मी सवयीनेच म्हणाले, "बोला भाऊ, ताईंचा फोन बंद हाय का?" ते म्हणाले, "वंदनाताई, ताई गेली. सकाळी छातीत दुखलं... वर्ध्याले नेता नेताच गेली." मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. समोर वरात थांबलेली होती, घोड्याचा एक पाय वर उचललेला. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला.

शोभाताईंचं घर नाचणगावात, आमच्यापासून चौथं. शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत त्यांनी सहायक म्हणून वीस-बावीस वर्षं काढली. शिकवायचे सर, पण बंद पडलेलं यंत्र उघडायचं काम ताईंचं. निवृत्त झाल्यावर तर त्यांच्या ओसरीवर अर्ध्या गावाचे कॉम्प्युटर पोट उघडं टाकून पडलेले असायचे. ताई बोलायला फटकळ होत्या. त्यांच्याकडे जायचं म्हणजे दोन शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच. मी ती ठेवली, आणि आज वाटतं, आयुष्यात फार थोडी कामं मी इतकी शहाणपणाने केली आहेत.

पुलगावच्या एका स्टुडिओत मी बारा वर्षं लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करत होते. मालक थकले, त्यांनी स्टुडिओ बंद केला आणि मी घरी बसले. मला तेवढं एकच काम येतं. जवळ पन्नास हजार रुपये होते आणि तेवढ्यात स्वतःचा कॉम्प्युटर उभा करून घरूनच कामं घ्यायची असं मी ठरवलं. तो चुकीचा निघाला असता तर दुसरा घ्यायची ऐपत नव्हती. पंधरा दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी यादी केली आणि मोठ्या ऐटीत ताईंपुढे ठेवली. काचेचा कॅबिनेट, त्यात रंगीत दिवे फिरणारे पंखे, आणि अर्धे पैसे खाऊन टाकणारं ग्राफिक कार्ड. ताईंनी चष्मा लावला, यादी वाचली, पुन्हा वाचली.

"हा डब्बा हाय का मांडव? लायटिंग लग्नात असते वं, एडिटिंगले कायले पाह्यजे?"

मला राग आला. पण त्यांनी यादी घडी करून स्वतःच्या पर्समध्ये टाकली होती, आणि ताईंच्या पर्समधून काही परत मागायची हिंमत गावात कुणाची नव्हती. "उद्या दोन वाजता येतो तुह्या घरी," एवढंच म्हणाल्या.

मे महिना होता. दुपारी दोनला आमच्याकडे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. ताई डोक्याला दुपट्टा गुंडाळून आल्या, आत शिरल्या आणि म्हणाल्या, "कूलर बंद कर." बंद केला. मग आम्ही दोघी अर्धा तास त्या खोलीत तशाच बसलो. घाम मानेवरून ओघळत होता. मला वाटलं, यांना ऊन लागलं असावं. शेवटी त्यांनी तोंड पुसलं. "पाह्यलं? दुकानातल्या एसीत सगळेच कॉम्प्युटर चालतात. तुह्या लग्नाचा सीझन हाच, आन् तुह्यी खोली हीच. तुले घाम येते, त्याले येत नाई. ते सरळ बंद पडते." सुट्या भागांची निवड त्यांनी तिथून सुरू केली, माझ्या खोलीच्या उन्हापासून. व्हिडिओतल्या एकाही माणसाला हे सुचलेलं नव्हतं.

ग्राफिक कार्ड यादीतून गेलं. "प्रोसेसरमधीच कामापुरतं ग्राफिक हाय, पोट भराले लागलं का मंग घेजो." दिवे गेले, काच गेली. पुढून जाळी असलेला साधा काळा कॅबिनेट आला आणि वाचलेले पैसे ताईंनी चांगल्या पॉवर सप्लायवर आणि यूपीएसवर घातले. रॅमची एकच पट्टी घेतली, एक खाच पुढे भरायला रिकामी ठेवली. इथवर मी मान हलवत गेले. पण त्यांनी एकाऐवजी दोन डिस्क लिहिल्या तेव्हा मी हट्टाला पेटले. तेवढ्या पैशात मॉनिटर मोठा आला असता. ताई पहिल्यांदाच जरा हळू आवाजात बोलल्या. "वंदना, डिस्क परत भेटते. लग्न परत लागत नाई. शूटिंग आलं का आधी दुसऱ्या डिस्कवर टाकजो, मंग कामाले बसजो. आन् तिथलं काईच पुसायचं नाई. काईच." कॉम्प्युटर कुठे ठेवायचा तेही त्यांनी खडूने भिंतीवर फुली मारून दाखवलं. कूलरपासून लांब, समोरच्या कोपऱ्यात.

आता माझा मूर्खपणा सांगते. पहिल्याच सीझनला पारा चढला, माझं मशीन गरम होऊ लागलं आणि मला त्याची दया आली. मी ते कोपऱ्यातून उचललं, बाजूचं झाकण काढलं आणि थेट कूलरच्या तोंडाशी ठेवलं. आजारी माणसाला ठेवावं तसं! तीन दिवस मजेत चाललं. चौथ्या दिवशी, अल्लीपूरच्या लग्नाचं काम अर्ध्यावर असताना, चट् असा आवाज झाला आणि सगळं काळं. ते माझं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम होतं. लग्नाचं शूटिंग गेलं असतं तर त्या घरासमोर तोंड घेऊन उभं राहणं अवघड, आणि नंतर या भागात मला काम कुणी दिलं असतं? कॅमेऱ्यातली कार्डं पुढच्या लग्नासाठी केव्हाच कोरी झालेली होती.

ताई आल्या. मशीन कुठे ठेवलंय ते पाहिलं, भिंतीवरच्या फुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी रडायच्या बेतात होते. त्यांनी बॅटरीच्या उजेडात आत डोकावलं. कूलरच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर सगळीकडे बसला होता. "अवं माय," त्या म्हणाल्या, "याले तं सर्दी झाली." त्या दोन शब्द बोलतील म्हणून मी वाट पाहत होते, पण त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या. मदरबोर्ड आणि पहिली डिस्क गेली होती. दुसरी काढून त्यांनी ओसरीवरच्या आपल्या कॉम्प्युटरला लावली. अल्लीपूरची नवरी हळदीच्या पाटावर हसत बसलेली दिसली आणि मी ताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून खरोखरच रडले. "चाल, चहा मांड," त्या म्हणाल्या. पुढचे पंधरा दिवस मी त्यांच्या ओसरीवर बसून ते काम पुरं केलं. त्याचे पैसे आले तेव्हा ताईंनीच नवा मदरबोर्ड आणि नवी पहिली डिस्क बसवून दिली. आज माझं घर ज्या कामावर चालतं ते काम ताईंनी मला दिलं, असं मी कुणालाही सांगते. त्या असताना असं म्हटलेलं त्यांना चालायचं नाही.

तेरवीच्या चार दिवस आधी त्यांचे भाऊ आले. फ्रेम करायला ताईंचा फोटोच नव्हता, शाळेच्या ओळखपत्रावरचा एक धुरकट तेवढा. ताईंना कॅमेऱ्याचं वावडं. "तुमच्याकडं इतके लग्नं हायेत, एखाद्यात असन ना ताई?" मी माझ्या तयार फिल्म चाळल्या, कुठेच नव्हत्या. असणार कशा? त्या दिसल्या की त्यांच्याच हुकमावरून मी त्यांना कापत आले होते. मग आठवलं... दुसऱ्या डिस्कवरचं काहीच पुसलेलं नाही.

दोन दिवस शोधलं. आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचं लग्न, घरचंच म्हणून त्या दिवशी कॅमेराही माझ्याच हातात. पंगतीच्या कडेला ताई ताट घेऊन उभ्या. कॅमेरा आपल्याकडे वळलेला दिसताच एक हात वर करतात आणि हसू दाबत म्हणतात, "अवं, माह्याकडं काऊन फिरवून राह्यली? नवरीकडं पाह्य!" अकरा सेकंद. तेरवीला मांडलेल्या फोटोत ताईंचा हात तसाच अर्धा वर होता.

रॅमची ती खाच मी कधीच भरली, ग्राफिक कार्डही घेतलं. कॉम्प्युटर खडूच्या फुलीपाशीच आहे. परवा काम सुरू करण्याआधी मी ते अकरा सेकंद दुसऱ्या डिस्कवरून पहिल्या डिस्कवरही उतरवून ठेवले. आता ताई दोन्हीकडे आहेत.