ऑपरेटरचा रकाना

संपाच्या नवव्या सकाळी मी मान खाली घालून फाटकातून आत गेले. डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या सुगंधी तेलांच्या कारखान्यात मी वास पारखण्याचे काम करीत असे. मी अजून कायम झाले नव्हते, तरी माझी गणना अधिकाऱ्यांत, म्हणून संपाबाहेर.

"ताई, नाक आणलंत ना?" फाटकाजवळच्या संपकऱ्यांच्या मंडपातून आमचे सर्वांत जुने ऑपरेटर काका म्हणाले. "का तेही संपावर?"

सगळे हसले. आदल्या दिवशी पाठिंबा देऊन गेलेल्या पुढाऱ्यांचे झेंडे अजून युनियनच्या झेंड्यापुढे उभे होते. मागणी एकच होती : वर्षानुवर्षे राबणाऱ्या कंत्राटी कामगारांना कायम करा. कंपनीचे म्हणणे, ही माणसे फक्त झाडलोट करतात. आणि कंत्राट जाईल या धास्तीने आत यंत्रे चालवीत होती तीच माणसे.

अकराच्या सुमारास वाळ्याच्या तेलाची बाटली माझ्या टेबलावर आली. काकांचा हात न लागलेली पहिली. आच जरा चुकली तरी हे तेल जळकट होते. ते जळलेले असावे, अशी माझी इच्छा होती. कागदाची पट्टी बुडवून मी नाकाशी धरली. ओली माती, माठाच्या बुडाशी साचलेला गारवा, मग सावकाश उमलणारी गोडी. मी तीनदा जळकटपणा शोधला. तो नव्हता.

"पास ना?" व्यवस्थापक साहेबांनी तक्ता पुढे सरकवला. "सही करा. ऑपरेटरच्या रकान्यात माझं नाव घाला."

"तेल तुम्ही काढलंत?"

"मॅडम, पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करायचंय ना?" त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

तेल काढणारा दाराशीच उभा होता. चाळिशीचा, कागदोपत्री झाडूवाला, बारा वर्षे काकांच्या हाताखाली तयार झालेला. त्याचे नाव त्या रकान्यात आले, तर कंपनीचे म्हणणे तिथेच खोटे पडणार होते; आणि त्याची भाकरीही बहुधा तिथेच संपणार होती. पेन उचलून मी त्यालाच विचारले, "काय लिहू?"

त्याने हात पँटला पुसले. साहेबांकडे पाहिले नाही.

"माझंच लिहा, ताई. वडिलांच्या नावासकट."

मी लिहिले. साहेबांनी कागद ओढून घेतला आणि फाडला. कार्बनखालची प्रत माझ्या मुठीत राहिली.

दुपारी आम्हा दोघांनाही फाटकाबाहेर काढले. मी काकांपुढे ती प्रत धरली, पण त्यांनी आधी माझ्या दुसऱ्या हातातली पट्टी घेतली. डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिले.

"शेवटी आच जरा लवकर काढलीस," ते आपल्या शिष्याला म्हणाले, आणि सतरंजीवर थोडे सरकून त्यांनी आम्हा दोघांना जागा करून दिली.