‘उरलेल्या रश्शा’चे एकमेव श्रोते

आमच्या भाऊजींना जे गाणं आवडतं ते जगात दुसऱ्या कुणालाही आवडत नाही, आणि चुकून आवडू लागलंच तर त्या दिवसापासून ते भाऊजींना आवडत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत आमच्या घरापासून ट्रामने जवळच राहतात आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गाडीच्या आतला आवाज कमी करण्याचं काम करतात. दिवसभर आवाज मारायचा आणि संध्याकाळी कुणी न ऐकलेला आवाज शोधत हिंडायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम.

अशा माणसाच्या घरात मी सून म्हणून यावं ही मोठीच गंमत. कारण मी वाढले ती लोकप्रिय गाण्यांवर. अक्षरशः. माझे वडील, आण्णा, जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे आणि आई त्याच वरातीत डोक्यावर दिव्याचं झुंबर घेऊन चालायची. लग्नसराई असली की घरात गव्हाची पोळी दिसायची. ती संपली की भाकरी आणि तिखट. पावसाळ्यात आण्णा लाल कोट पेटीत ठेवून गवंड्याच्या हाताखाली जायचे, आणि काम मिळालं नाही तर तिखटावरचं तेलही जायचं. त्यामुळे नवं गाणं शोधणं हा आमच्याकडे छंद नव्हता, पोटाचा प्रश्न होता. गावात नवा पिक्चर लागला की आण्णा चहाच्या टपरीवर रेडिओला कान लावून बसायचे. नवरदेवाच्या मित्रांनी गाणं मागितलं आणि ते आलं नाही, तर पुढच्या लग्नाला दुसरा बँड. कोणतं गाणं खरं चालणार हे ओळखायची त्यांची एकच कसोटी होती. ते म्हणायचे, “पोरं काय, डबा वाजवला तरी नाचतेत. मामा नाचला का, ते बघायचं.” नवरदेवाचा मामा म्हणजे सकाळपासून जेवणावळीच्या काळजीने वैतागलेला, नव्या बुटांनी पाय सोललेला माणूस. तो रुमाल काढून घोड्यापुढे उतरला की गाणं चाललं. अशा कित्येक मामांच्या नाचण्यावर मी इंजिनियर झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी कुठेही सांगते, म्हणून इथेही सांगितलं.

तर लग्न होऊन मी कार्ल्सरूहेला आले तेव्हा पहिल्याच जेवणात भाऊजींनी विचारलं, “तुला कोणतं संगीत आवडतं?” मी सरळ सांगितलं, “सगळ्यांना आवडतं ते.” भाऊजींनी घास खाली ठेवला. डॉक्टर रिपोर्ट वाचून नातेवाइकांकडे बघतात तसं त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “मेनस्ट्रीम.” जाऊबाई मला वाढता वाढता म्हणाल्या, “मनावर घेऊ नकोस गं. ते मलाही तेच म्हणतात, आणि मी तर गातसुद्धा नाही.”

मेनस्ट्रीम म्हणजे नक्की काय, हे मी त्यांना अनेकदा विचारलंय, आणि दर वेळी व्याख्या आणखी अरुंद झालेली असते. आधी ते म्हणायचे, रेडिओवर वाजतं ते. मग म्हणू लागले, ज्याचा टी-शर्ट विकत मिळतो ते. पुढे तर ज्याच्या कार्यक्रमाला कोट ठेवायला रांग लागते ते सगळं मेनस्ट्रीम, असं ठरलं. “अहो भाऊजी, थंडीत रांग लागणारच की,” असं मी म्हटलं, तर म्हणाले, “गेनाऊ, अगदी बरोबर! माझ्या बँडच्या कार्यक्रमाला लोक कोट घालूनच बसतात. हॉलमालकाला हीटर परवडत नाही.”

नवे बँड शोधायची त्यांची पद्धतही त्यांचीच. मोबाइलने सुचवलेलं गाणं ते ऐकत नाहीत. “मला सुचवलं म्हणजे लाखोंना सुचवलं असणार,” असा त्यांचा हिशेब. मोबाइलला आपली आवड कळू नये म्हणून ते ऑफिसला जाताना त्यावर लहान मुलांची बडबडगीतं लावून ठेवतात, आवाज बंद करून. परिणामी गेली काही वर्षं मोबाइल त्यांना दात येणाऱ्या बाळांची खेळणी दाखवतो. त्यांचा विश्वास फक्त विजेच्या खांबांवर. म्हणजे खांबांवर चिकटवलेल्या जाहिरातींवर, आणि त्यातही जी दुसऱ्या जाहिरातीखाली निम्मी झाकली गेलीय तिच्यावर. मोठ्या बँडच्या कार्यक्रमाला ते तिकीट काढून जातात, पण तासभर आधी. मुख्य बँडच्या आधी वाजवायला एखादा नवखा बँड असतो, ज्याच्याकडे पाठ करून लोक बिअर घेत असतात. भाऊजी पहिल्या रांगेत उभं राहून तो मन लावून ऐकतात आणि मुख्य बँड मंचावर आला की कोट घालतात. एकदा दारावरच्या माणसाला राहवलं नाही. “अहो, खरा कार्यक्रम तर आता सुरू होतोय!” भाऊजी म्हणाले, “हो, म्हणूनच निघालो.”

सापडलेल्या बँडचं नाव ते कुणाला सांगत नाहीत. जंगलात मधाचं पोळं सापडलेला माणूस वाट सांगत नाही, तसं. एवढं जपूनही एखादा बँड प्रसिद्ध झालाच तर घरात सुतक. एकदा दातांच्या डॉक्टरकडे, तोंडात नळ्या असताना, रेडिओवर त्यांचा एक लाडका बँड लागला. बोलता येईना. डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखतंय, त्यांनी भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं. घरी आल्यावर भाऊजींनी त्या बँडचा टी-शर्ट कपाटातून काढला, मधोमध कापला आणि वाकड्या जबड्याने जाऊबाईंना म्हणाले, “घे, फडकं.” (टी-शर्ट विकत मिळाला तर मेनस्ट्रीम, पण बँडने स्वतः घरी छापून हातात दिला तर चालतो, अशी व्याख्येत सोय होती.) जाऊबाई पाहुण्यांना ओटा पुसताना सांगतात, “आमच्याकडची सगळी फडकी एकेकाळची थोर माणसं आहेत.”

या सगळ्या बँडांत एक मात्र त्यांच्या काळजाचा. नावाचा मराठीत अर्थ ‘उरलेला रस्सा’. चौघं जण. ड्रमवर बेकरीत काम करणारी बाई, गिटारवर एक ट्रामचालक, ट्रम्पेटवर निवृत्त शिक्षक, आणि गाणारी एक उंच मुलगी, जी प्रत्येक गाण्याआधी माफी मागते. ते एका जुन्या कारखान्याच्या तळघरात वाजवायचे. भाऊजींनी एकही कार्यक्रम चुकवला नव्हता. बऱ्याचदा वाजवणारे जास्त आणि ऐकणारे कमी असायचे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी जाऊबाईंचा फोन आला. “ये गं जरा. हे जेवत नाहीयेत.” जाऊन पाहते तर भाऊजी खिडकीशी बसलेले. हळूहळू बोलले. तळघराच्या मालकाने बँडला सांगितलं होतं, पुढचा कार्यक्रम भरला तर ठीक, नाहीतर पुन्हा तारीख मिळणार नाही. दुसरीकडे कुणी विचारत नव्हतं. म्हणजे बँड मोडणार. हे सांगून त्या उंच मुलीने सहज विचारलं होतं, “तू नेहमी येतोस. तुला मित्र नाहीत का?”

“काय सांगणार होतो तिला?” भाऊजी म्हणाले. “मित्र आहेत. मीच कधी सांगितलं नाही कुणाला.”

जाऊबाईंनी पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. मग भाऊजी माझ्याकडे वळले. “तू बँडवाल्याची मुलगी. सांग, माणसं कशी जमवायची?”

इतक्या वर्षांत माझ्या माहेरच्या धंद्याबद्दल मला कुणी असा अदबीने प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, “भाऊजी, बँडमागे माणसं येतात ती कुणीतरी नाचत पुढे असतं म्हणून. तुम्ही पुढे व्हा. मंडळाच्या ग्रुपवर लिहा.”

आमच्या मराठी मंडळाचा ग्रुप भाऊजींनी पहिल्या दिवसापासून आवाज बंद करून ठेवलेला. मंडळाच्या दिवाळीत डीजे असतो, हे कारण. त्या ग्रुपवर लिहायला त्यांना आख्खी संध्याकाळ लागली. पहिला मसुदा असा होता: “कार्यक्रम आहे. चांगला आहे. यायलाच हवं असं नाही.” मी तो पुसायला लावला. शेवटी त्यांनी लिहिलं, “हा माझा सगळ्यात आवडता बँड आहे. तुम्ही आला नाहीत तर तो बंद पडेल. कृपया या.” खाली जाऊबाईंनी आपल्या मोबाइलवरून जोडलं, “बटाटेवडे आहेत.” कशाने लोक आले याबद्दल त्या दोघांत आजही वाद आहे.

पण आले. स्टुटगार्टहूनसुद्धा आले. इंजिनियर, त्यांच्या बायका, कुणाचे भारतातून आलेले आईबाप, जर्मनमध्ये भांडणारी मुलं. आण्णाही तेव्हा नातीला बघायला आमच्याकडे आलेले होते. तळघराच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, “जन्मभर बँडात उभा राहिलो. बँडासमोर आज पहिल्यांदा.” भाऊजी दाराशी उभे. गर्दी बघून चेहरा आनंदाने फुललेला आणि त्याच वेळी सासरी निघालेल्या मुलीच्या बापासारखा.

पहिलं गाणं संपलं. आमच्या मंडळींना ट्रम्पेट फार आवडलं. मागून एका काकांनी नाटकाला बसल्यासारखा दणदणीत आवाज दिला, “वन्स मोअर!” मग काय, सगळं तळघर, “वन्स मोअर! वन्स मोअर!” बँडने गोंधळून एकमेकांकडे पाहिलं आणि तेच गाणं पुन्हा वाजवलं. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा वाजवताना त्या मुलीचा आवाज कापायला लागला. गाणं संपताच तिने मंचाच्या कडेला वाकून भाऊजींना विचारलं, “आमचं कुठे चुकतंय? किती वेळा परत करायला लावणार?” इथे जर्मनीत कार्यक्रमाच्या शेवटी आणखी एक गाणं मागतात, पण मधेच तेच गाणं पुन्हा कुणी मागत नाही. तिला वाटलं, नीट जमेपर्यंत सोडणार नाहीत.

भाऊजी हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, “अगं, चुकत नाहीये. आमच्याकडे फार आवडलं की असंच करतात. पुढे जाऊच देत नाहीत.”

ती मुलगी सरळ उभी राहिली. मग माइकपाशी गेली आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच माफी न मागता म्हणाली, “चौथ्यांदा.”

आणि त्या चौथ्या वेळी आमचे भाऊजी, गर्दीला घाबरणारे, लोकप्रिय गाण्यांचे शत्रू, खिशातून रुमाल काढून मधे उतरले. हात वर, रुमाल हवेत, पाय कुठेही. जाऊबाईंच्या हातातून निसटणारं वड्यांचं ताट मीच धरलं. आण्णांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. “बघ, मामा नाचला. चाललं गाणं.” मग ओरडून भाऊजींना म्हणाले, “काय पाव्हणं, लई उशीर केला!”

तळघर भरलं होतं, वर पायऱ्यांवरही लोक होते. मालकाने त्याच दिवशी पुढची तारीख दिली. आता ‘उरलेला रस्सा’ मोठ्या हॉलमध्ये वाजवतो. हीटर चालू असतो, कोट ठेवायला रांग असते. भाऊजी त्या रांगेत उभे राहतात. आत गेल्यावर मागे, दाराजवळ थांबतात. पूर्वी ती मुलगी प्रत्येक गाण्यानंतर त्यांच्याकडे बघून मान हलवायची. आता एवढ्या डोक्यांतून तिला ते दिसत नाहीत. ते मात्र मान हलवतात.

परवा सुपरमार्केटात, दह्याच्या कपाटासमोर, रेडिओवर ‘उरलेल्या रश्शा’चं ते पहिलं गाणं लागलं. भाऊजी दह्याचा डबा हातात धरून ते संपेपर्यंत उभे होते, असं जाऊबाई सांगत होत्या. घरी आल्यावर जाऊबाईंनीच कात्री काढून टेबलावर ठेवली. भाऊजींनी कपाटातून त्या बँडचा टी-शर्ट काढला, उलटसुलट करून बघितला, इस्त्री केली आणि परत ठेवून दिला.

बँड टिकला. टी-शर्टही.