गणपतच्या पोटावरचा वाघ

आम्ही मोहर्लीच्या गेटजवळ चहाच्या टपरीवर बसणारे जिप्सीवाले. सकाळची सफारी सुटली का दुपारपर्यंत काम काय? तोंड चालवणं. वाघ दिसो का नाई दिसो, किस्सा रोज एक निंघतेच. लिहून कोण ठेवते? मले तं सहीपुरतंच येते. पण डोक्यात असे साचले हायत का एक काढाले गेलो तं मांगून चार पडतात. यंदाचे समदे गणपतचे.

*

गणपत माह्या लहानपणचा दोस्त, तो बी जिप्सीवालाच. अंगानं बांबूच्या कमचीवानी. एका सालात त्याचं तोंड परातीएवढं गोल झालं. गाल लालबुंद, पोट पुढं, हातपाय मात्र तसेच काडीचे. आम्हाले वाटलं, घरी तूपबीप चालू असन.

मी त्याच्या बायकोले विचारलं, "वैनी, काय चारून राह्यल्या आमच्या दोस्ताले?"

"मी काय चारू भाऊजी? गंजातला भात संपला का भांडते. रातभर झोपत नाई, अन् सकाळी उठून बैलावर वराडते."

"बैल काय म्हणते?"

"बैल समजदार हाय. उत्तर देत नाई."

*

मंग एक दिवस गेटबाहेरच्या रस्त्यावर त्याची गाडी पंक्चर झाली. गणपत चाकाजवळ उकिडवा बसला, अन् बसलाच. मांड्यांत जोरच नाई, उठता येईना. गाडीत नागपूरचे टुरिस्ट. एकानं विचारलं, "काय झालं?"

गणपत मातीत बोट दाखवून म्हणे, "पंजाचा ठसा पाहून राह्यलो. ताजा हाय."

झालं. समद्यांनी कॅमेरे काढले. मी मांगून गाडी घेऊन आलो तवा लोक कुत्र्याच्या पायाच्या ठशाचे फोटो काढून राह्यलते. मी अन् माह्या गाईडनं गणपतच्या बगलेत हात घालून त्याले उभं केलं.

*

पोटावर त्याच्या जांभळे पट्टे उठले. रुंद, बोटाएवढे. कशाचे, त्यालेच मालूम नाई. मी टपरीवर हवा सोडून देल्ली का गणपतले वाघानं पंजा मारला! माह्यं काय जाते? गणपतले बी ते आवडलं. टुरिस्ट विचारे, हा सदरा वर करे. लोक त्याच्या पोटासंग सेल्फी काढत. वाघ नाई दिसला तरी चाले.

एक दिवस पुण्याची एक डॉक्टरीणबाई आली. तिनं पोट पाह्यलं, तोंड पाह्यलं, मानेमांगचा उंचवटा दाबून पाह्यला.

"काका, वाघ इतक्या हलक्या हातानं मारत नाही. दुखण्यावर काय घेता तुम्ही?"

गणपतनं खिशातून पुडी काढली. गुडघेदुखीवरची, सालभरापासून खाऊन राह्यलता. आठवडी बाजारात छत्री लावून एक पुडीवाला बसते, त्याची. "जडीबुटी हाय बाई. खाल्ली का पळाले लागतो."

"यात बहुतेक स्टेरॉईड मिसळलंय. शरीरात कॉर्टिसोल म्हणून एक रस असतो, हे त्याच्यासारखंच काम करतं. ते फार झालं की असं होतं. कुशिंग म्हणतात. साखर, बीपी वाढतं, हाडं पोकळ होतात."

गणपत घाबरला. पुडी फेकाले निंघाला, तं बाईनं हात धरला. "एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. उद्याच मोठ्या डॉक्टरकडे जा. ही पुडी त्यांना दाखवा."

गणपत माह्या कानात म्हणे, "खाऊ नको म्हणते, फेकू नको बी म्हणते. घरचीवानीच बोलते बे."

*

चंद्रपूरच्या डॉक्टरनं रक्त तपासलं अन् सांगतलं का किडनीवर टोपीवानी ग्रंथी राह्यते, ते झोपली हाय. गणपतले काई समजलं नाई. त्याचा जावई ऊर्जानगरले वीज केंद्रात हाय, त्यानं समजावलं.

"मामाजी, बाहेरून फुकट लाईन येऊन राह्यली म्हणून तुमचं घरचं युनिट बंद पडलं. आता बाहेरची एकदम कापली तं अंधार. हळूहळू कमी करायची, तवर आपलं युनिट गरम होते."

गणपत म्हणे, "म्हणजे सासऱ्याच्या आंगात बी लोडशेडिंग."

पण गंमत तेवढीच. डॉक्टरनं मोजून गोळी देल्ली, ते कमी करत नेली. पुडी गेली तसा गुडघा बोंबलाले लागला. क्लच दाबताना डोळ्यातून पाणी. डॉक्टर बोलला होता, परत पुडीकडे गेला तं हा माणूस हाती लागत नाई. वैनी पहारा देऊन राह्यली.

*

अन् बाजाराच्या दिवशी वैनीचा फोन. "भाऊजी, ते घरी नाई."

मी गाडी हाणली. गणपत पुडीवाल्याच्या छत्रीखाली बसलता. पुडी हातात, पाणी बी मांगून घेतलेलं.

पुडीवाला म्हणे, "किती सुकला बे गणपतभाऊ! मायंदळ वाळला. खा, हप्त्यात पैलेसारखा होशीन."

मी बाजूच्या हॉटेलातून कट चहा आणला, गणपतच्या हातातली पुडी घेतली अन् समद्यांसमोर चहात टाकून हलवली. गिलास पुडीवाल्यापुढं धरला.

"पैले तू घे, महाराज. दिवसभर बसून तुह्यी कंबर बी दुखत असन."

लोक जमले. पुडीवाला गिलासाकडे पाहे, माह्याकडे पाहे. गणपत त्याच्याकडे पाहून राह्यला होता.

"पी ना," गणपत म्हणे. "तुह्यीच तं दवाई हाय."

पुडीवाल्यानं गिलास हळूच बाजूले सारला.

"नाई भाऊ. माह्या डॉक्टरनं असल्या पुड्या खाले मना केलं हाय."