रानातून मुकं वऱ्हाड

आम्ही दांडीचे मच्छीमार. बोटीवर इंजिन आणि वारा, दोघांच्या वरताण आवाज काढल्याशिवाय कोणाला काही कळत नाही. त्यामुळे घरातही आमची कुजबुज शेजारच्या आळीला ऐकू जाते. अशा घरातली माझी एकुलती एक लेक मासवणला, शेतकऱ्याच्या घरी पडली. बोईसरच्या कारखान्यात तिचं आणि त्या घरच्या मुलाचं जमलं होतं. मुलगा चांगला, पण ती माणसं फार हळू बोलायची. हळू बोलणाऱ्याच्या पोटात काय असतं, ते मला कधी कळलेलं नाही. पोरीचं तिथं कसं निभायचं, या घोरानं माझा घास उतरत नव्हता.

लग्न त्यांच्या दारी होतं. तारीख धरायला गेलो तेव्हा व्याही म्हणाले, "गावाआधी रान लागतं. तिथं वाजप बंद ठेवा. झाडांवर वटवाघळं हायत, आता पोटाशी पिल्लं धरून. दचकून उडाली तर पिल्लं खाली पडतात. आमी तिथं हाकसुदा मारत नाय."

"मी काय मयत घेऊन येतोय?" मी भडकलो. बायकोनं कोपरानं ढोसलं, म्हणून तिथंच थांबलो.

लग्नाच्या दिवशी बेंजोपार्टी रानाच्या तोंडाशी गप्प झाली. हॉर्न नकोत म्हणून गाड्याही तिथंच ठेवल्या आणि सगळे पायी निघालो. बारशालाही भांडल्यासारखे बोलणारे आमचे भाऊबंद चपला हातात घेऊन चालले होते. वर वटवाघळं वाळत घातलेल्या बोंबलांसारखी लटकली होती.

मध्यावर आलो आणि लेकीला हुंदका फुटला. गळा माझ्यावरच गेलेला, दाबून थोडाच दबतोय! मनात म्हटलं, संपलं! घरात पाऊल टाकायच्या आधीच सुनेनं गावाची रीत मोडली, आता जन्मभर ऐकून घ्यायचं. समोरून न्यायला आलेली विहीण झपझप तिच्याकडे निघाली. मी मधे आडवा गेलो.

विहिणीनं मला हातानं बाजूला सारलं, पदरानं लेकीचे डोळे टिपले आणि तिच्या कानाशी म्हणाली, "रड गो बाय. नवरी होऊन आली तवा मीपण इथंच रडलेली. सुनेच्या रडण्याला पाखरं भीत नायत."

वर एकही वटवाघूळ हललं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग मलाच रडू आवरेना.

विहिणीनं मागं वळून ओठांवर बोट ठेवलं. "तुमी नको, व्याहीबुवा. तुमच्यानं नक्की उडतील."